पंधराशे रुपयांचा अर्ज आणि घराचा कागद

गोवा सरकारच्या गृह आधार योजनेचा अर्ज भरायला अर्धा तास पुरतो. त्याला जोडायचे कागद जमवायला मात्र कुणाला आठवडा लागतो, कुणाला वर्ष, आणि काही जणी मध्येच नाद सोडतात. गावातल्या बचत गटातून असे अर्ज भरून देताना दिसतं ते हे, की बाई किती गरीब आहे याला फारसं कुणी विचारत नाही. ती कुठल्या कागदावर आहे आणि कुठल्या नाही, यावर सगळं अडतं. आणि अडलेल्या कागदाचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपण घराच्या जागेपाशी येऊन थांबतो. जमीन कुणाची, घरपट्टीची पावती कुणाच्या नावानं फाटते, लाइटचं बिल कुणाच्या नावावर येतं.

योजना तशी साधी. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं ती आणली. महागाईत घर चालवणाऱ्या बाईच्या हातात थेट पैसे पडावेत, हा जाहीर हेतू. तेव्हा महिन्याला १,००० रुपये होते, मग १,२०० झाले, मग १,५००. मुख्य अटी तीन: बाई विवाहित आणि अठरा वर्षांवरची, गोव्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य, आणि नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत. वृद्ध, विधवा, अपंग यांच्यासाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे घेणारीला हे मिळत नाहीत. तीन अटी म्हणजे तीन दाखले, आणि तीन दाखल्यांच्या खिडक्या तीन.

पहिलं काम घरी. कागदांची पिशवी जमिनीवर रिकामी करायची. पिशवी बहुधा साडीच्या दुकानाची, कपाटात कपड्यांखाली ठेवलेली. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, मतदार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक, लग्नाचा दाखला ओळीनं मांडायचे आणि प्रत्येकावरचं नाव मोठ्यानं वाचायचं. इथल्या हिंदू घरांत लग्नात पुष्कळदा मुलीचं नावही बदलतात. माहेरची शेवंती सासरी संजना होते. मग जन्मदाखला शेवंतीचा, रेशन कार्ड संजनाचं, आणि आधारवर शेवंतीच, पण आडनाव सासरचं. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच. एकाच घरातल्या चार कागदांवर गावकर चार तऱ्हेनं लिहिलेलं सापडतं.

सगळी नावं दुरुस्त करत बसू नये, त्यात वर्ष जातं. आधार आणि पासबुक एवढी दोन अक्षराला अक्षर जुळलीच पाहिजेत, कारण पैसे तिथं पडतात. दुरुस्ती करायचीच तर आधी आधारवर, लग्नाचा दाखला दाखवून, मग बँकेत, उलट गेलं की दोनदा जावं लागतं. बाकीच्या कागदांसाठी नोटरीकडून 'ही सगळी नावं एकाच बाईची' असं प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं. चूक इथं होते. माहेरचं आणि सासरचं अशी दोनच नावं लिहितात, रेशन कार्डावरचं तिसरं रूप राहून जातं, आणि नेमका त्याच कारणानं अर्ज परत येतो. म्हणून पिशवीतली सगळी रूपं आधी वहीत उतरवून तोच कागद नोटरीच्या टेबलावर ठेवायचा.

लग्नाच्या दाखल्याचं प्रकरण गोव्यात वेगळं आहे. सावंतवाडी-दोडामार्गाकडच्या नातेवाइकांना ते पटकन कळत नाही. इथं लग्न म्हणजे दोन सह्या. पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी १९६१ नंतरही चालू राहिली. निबंधकाकडे जाऊन लग्नाचा इरादा नोंदवायचा, ती पहिली सही. मध्ये कुणाची हरकत असेल तर तिच्यासाठी मुदत. मग दुसरी सही, आणि ती झाली की लग्न वहीत. देवळात अक्षता पडल्या, पाच पंगती उठल्या, तरी दुसरी सही नसेल तर निबंधकाच्या लेखी ते लग्न झालेलं नाही. पहिली सही केली की काम झालं असं समजून वर्षानुवर्षं संसार करणारी जोडपी अजून भेटतात. त्यांच्याकडे कागद असतो, त्याच्यावर शिक्का असतो, दोघांची नावं असतात. फक्त तो पहिल्या सहीचा असतो. म्हणून दाखला हातात आला की तो इराद्याचा आहे की लग्नाच्या नोंदीचा, हे मथळ्यावर बोट ठेवून वाचावं. नवरा हयात असेल तर दोघांना निबंधकाकडे पाठवून मार्ग निघतो. दुसऱ्या सहीआधीच तो गेला असेल तर बाई कागदावर विधवाही ठरत नाही. विधवेसाठीची मदत तिथंच अडते आणि वाट दिवाणी न्यायालयातून जाते.

गोव्याच्या नागरी कायद्याचं बाहेर फार कौतुक होतं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, बायकोचा अर्धा वाटा. तरतूद चांगलीच आहे. पण ज्या घराखालच्या जमिनीवर नवऱ्याचंच नाव नाही, तिथं बायकोचा अर्धा वाटा कशातून काढायचा, याचं उत्तर त्या कायद्यात नाही.

आता १५ वर्षांचा रहिवासी दाखला. तो मामलेदार देतात. पंचायतीचा दाखला म्हणजे हा नव्हे; पंचायत 'ही बाई इथं राहते' एवढं लिहून देते, तो पुराव्यातला एक कागद. मामलेदारांकडचा अर्ज 'गोवा ऑनलाइन' पोर्टलवरून करता येतो. मग तलाठी चौकशी करतो, अहवाल देतो, आणि त्यावर दाखला निघतो. सेवा ठरलेल्या दिवसांत मिळण्याचा हक्क देणारा कायदा गोव्यात २०१३ पासून आहे, त्याचा उपयोगही होतो. पण दिवस मोजायला सुरुवात होते ती अर्ज सर्व कागदांसह दाखल झाल्यावर. एक झेरॉक्स कमी पडली की मोजणी सुरूच होत नाही, आणि बाईला वाटतं अर्ज आत आहे. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. क्रमांक नाही म्हणजे अर्ज दिलेलाच नाही, असं धरून चालावं.

दाखला सलग १५ वर्षांचा हवा असतो, म्हणून पुरावाही सलग दिसायला हवा. त्यासाठी वहीच्या एका पानावर पंधरा ओळी आखायच्या, ओळीला एक वर्ष, आणि समोर त्या वर्षाचा पुरावा लिहायचा. पाच-सहा ओळी सहज भरतात: मतदार यादी, रेशन कार्ड, आधार. मधल्या ओळी रिकाम्या राहतात. त्या भरायला मुलांचे शाळेतले दाखले, लसीकरणाचं कार्ड, गॅसचं जुनं पुस्तक, बांबोळीच्या इस्पितळातला तारखेचा केसपेपर, असली कागदं पूरक म्हणून कामी येतात. बाईच्या स्वतःच्या नावावर फारसं काही नसतं. आई म्हणून तिचं नाव मुलांच्या कागदांवर मात्र जागोजागी असतं. सीमेपलीकडून, म्हणजे सिंधुदुर्गातून किंवा खानापूरकडून आलेल्या सुनेनं नवऱ्याच्या वास्तव्याचा कागद, लग्नाची नोंद आणि लग्नानंतर ती इथंच राहते याचा पुरावा, तिन्ही पहिल्याच फेरीत सोबत न्यावेत.

भाड्याच्या खोलीत राहणारीचं पान सर्वांत रिकामं. वास्को, मडगाव, म्हापसा यांच्या कडेच्या वस्त्यांत पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. घरमालक भाड्याची पावती देत नाही. एक तर भाड्याचं उत्पन्न त्याला कुठं दाखवायचं नसतं, आणि दुसरं, लिहून दिलं तर भाडेकरू उद्या हक्क सांगेल ही भीती. दर दोन-तीन वर्षांनी खोली बदलते, तसा पत्ता बदलतो, आणि वीस वर्षं गोव्यात धुणीभांडी केलेली बाई सलग अशी कुठंच दिसत नाही. तिच्यासाठी मतदार यादी हा सर्वांत भक्कम आधार. खोली बदलली की नाव नव्या यादीत हलवून घ्यावं, म्हणजे साखळी तुटत नाही. ते वेळच्या वेळी करणारी मात्र क्वचित.

स्वतःचं घर असलं की हे सगळं सोपं, असं वाटेल. पण डिचोली, पेडणे, फोंडा, सत्तरी, कुठल्याही जुन्या वाड्यात गेलं तर घर आपलं आणि जागा दुसऱ्याची, हे सर्रास आहे. कुठं भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात (बागायतीत) पणजोबाला माडांच्या राखणीसाठी वसवलेलं. कुठं देवस्थानची जमीन, कुठं कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या सामूहिक संस्थेची, सत्तरीत आल्वारा नाहीतर मोकासो, म्हणजे जुन्या राजवटींनी दिलेल्या जमिनी. चार शेजारी एकाच ओहोळाचं पाणी वापरतात, पण चौघांना लागू होणारे नियम वेगवेगळे.

भाटातल्या घरांसाठी १९७५ चा मुंडकार कायदा आहे. भाटकाराच्या संमतीनं त्याच्या जमिनीत कायमचं घर करून राहणारा तो मुंडकार. त्याला मामलेदाराच्या आदेशाशिवाय काढता येत नाही, आणि घर व भोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क आहे. पंचायत क्षेत्रात घराखालची जागा धरून ३०० चौरस मीटर, शहरात २०० चौरस मीटर. लोकांची समजूत अशी, की कायदा आहे म्हणजे घर आपलं झालं. तसं होत नाही. हुसकावण्यापासून संरक्षण आपोआप मिळतं. मुंडकार म्हणून नोंद आणि खरेदी या दोन्हींसाठी अर्ज करावाच लागतो. आजोबांनी नोंद केली आणि खरेदी राहून गेली, अशी घरं पुष्कळ.

सुरुवात एक-चौदाच्या उताऱ्यापासून, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीपासून. लोक त्याला वन-फोर्टीन म्हणतात. सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग माहीत असला की तो निघतो. त्यात तीन जागा बघायच्या: कब्जेदार कोण, कूळ म्हणून कुणाचं नाव आहे का, आणि 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय. त्या रकान्यात आजोबांच्या नावानं घर दाखवलेलं असेल तर अर्धं काम झालं. रकाना कोरा असेल तर जुनी घरपट्टी, जुनी मतदार यादी, लाइटची बिलं आणि शेजारच्या वयस्क माणसांच्या साक्षी यांवर उभं राहावं लागतं. अशा साक्षी द्यायला माणसं हयात असतात तोवरच त्या घेऊन ठेवाव्यात.

अर्जात चूक होते ती नावांची. मुंडकाराचे सगळे वारस अर्जात हवेत. लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं घालायला घरातले पुरुष कचरतात. तिनं आपला वाटा मागितला तर, म्हणून. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, तेव्हा बहीण वगळलेला अर्ज पुढं कधीतरी अडकणारच. दुसरी बाजू भाटकाराची. उताऱ्यावर नाव असलेला माणूस बहुधा केव्हाच वारलेला असतो. वारस मुंबईत, पोर्तुगालमध्ये, काहींचा पत्ताच नाही. प्रत्येकाला नोटीस पोचली पाहिजे. पोचली नाही तर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, तिचा खर्च अर्जदाराला. खटला चालू असताना एखादा वारस वारला की त्याचे वारस दाखल करायचे, पुन्हा नोटिसा. खटला लांबण्याचं मोठं कारण हे. कायद्याचा मुद्दा जेमतेम दोन तारखांत संपणारा असतो.

भाटकार हजर झाला तर त्याचा नेहमीचा बचाव असा: हा मुंडकार नव्हे, भाडेकरू आहे, किंवा पगारी गडी होता. दोन्हींत दम आहे, कारण घराचं भाडं देणारा आणि पगारावर ठेवलेला नोकर या व्याख्येतून बाहेर पडतात. म्हणून जबाब देताना नेमकं बोलावं. चतुर्थीला भाटकाराकडे पोचवलेले नारळ म्हणजे भाडं नव्हे, पण जबाब लिहिणाऱ्यानं 'वर्षाला काही देत होतो' असं लिहून घेतलं की पुढं त्याचंच भाडं होतं. काय दिलं, केव्हा, कशाबद्दल, हे सांगून जबाब वाचूनच सही करावी. मग जागेची पाहणी, पंचनामा, नकाशा. घराबाहेरची न्हाणी, गोठा, विहिरीची वाट, सगळं नकाशात येतंय का ते भूमापक जागेवर असतानाच बघावं; नंतर कुणी येत नाही. किंमत मामलेदार ठरवतात. निकाल विरोधात गेला तर अपील, त्याच्यावर प्रशासकीय लवादाकडे फेरतपासणी. आणि हे सगळं जिंकूनही ३०० मीटर मिळतात ते एका घराला. तीन भावांच्या तीन चुली झाल्या असल्या तरी जागा तेवढीच.

यात गृह आधारचं काय, असं कुणी विचारेल. अर्जासाठी मुंडकार खटल्याच्या निकालाची वाट बघायची गरज नाही, हेच तर सांगायचं आहे. घरपट्टी स्वतःच्या नावावर असली, भले जमीन भाटकाराची असो, तरी राहण्याचा पुरावा म्हणून ती चालते. लाइटचं बिल भाटकाराच्या नावाचं असेल तर सोबत पंचायतीचा दाखला आणि मतदार यादीचा उतारा लावायचा. पुष्कळ जणी 'घराची केस चालू आहे, ती झाली की अर्ज करू' म्हणतात, आणि वर्षाचे १८,००० रुपये सोडून देतात. दोन्ही गाडे वेगळे हाकावेत. जिथं घरपट्टीही नाही, म्हणजे बांधकामच परवान्याशिवायचं, तिथं आरोग्य अधिकाऱ्याच्या ना-हरकत दाखल्यावर वीज-पाण्याची जोडणी घेतलेली असते. ती बिलंही जपून ठेवायची. अशी बांधकामं नियमित करण्याचा कायदा २०१६ मध्ये झाला, त्यात बांधकाम २८ फेब्रुवारी २०१४ च्या आधीचं असल्याचा पुरावा लागतो. तेव्हा तारीख असलेलं कुठलंही जुनं बिल म्हणजे सोनं.

निती आयोगाच्या २०२३ च्या अहवालात गोव्यातली बहुआयामी गरिबी ०.८४ टक्के आहे. आकडा खोटा नाही. त्यात मोजलेल्या बारा गोष्टींत घराची भुई-भिंत-छप्पर, वीज, पाणी, शौचालय, बँक खातं आहे, आणि गोव्यात ते बहुतेकांकडे आहे. घर कुणाच्या जागेत उभं आहे, हे त्या बारांत नाही. कर्जाला तारण हवं असतं, घरकुलाच्या मदतीला जागेचा कागद हवा असतो, आणि महामार्गाला लागून असलेल्या भाटाला भाव आला की कागद असलेल्याचे कोटी होतात, शेजारच्या मुंडकाराची मात्र तारीख पडते.

उत्पन्नाचा दाखला वरवर सोपा. नोकरी असेल तर पगाराचं पत्र, नसेल तर प्रतिज्ञापत्र आणि तलाठ्याची चौकशी. पण ३ लाखांची रेघ कुठून जाते ते हिशेब करून बघायला हवं. धरा, नवरा महिना १८,००० वर गाडी चालवतो. वर्षाचे २,१६,०००. बायको घरीच असेल तर अर्ज बसतो, वर १८,००० मिळतात, घरात एकूण २,३४,००० येतात. आता तिनं दोन घरची कामं धरली, प्रत्येकी ४,५०० ची. वर्षाचे १,०८,०००. बेरीज ३,२४,०००, अर्ज बाद. काम केल्यानं घरात ९०,०००च जास्त आले. त्यातून बसभाडं आणि धाकट्याला सांभाळायला कुणाला दिलेले पैसे वजा करा. तीच बाई एकच घर धरील तर बेरीज २,७०,०००, वर गृह आधारचे १८,०००, म्हणजे २,८८,०००. दुसऱ्या घरच्या वर्षभराच्या कामातून तिच्या हातात खरे पडतात ३६,०००, महिन्याला तीन हजार. बायका हा हिशेब न शिकता करतात. 'दुसरं घर परवडत नाही' म्हणतात, त्याचा अर्थ हा. ही रेघ २०१२ पासून ३ लाखांवरच आहे. मधल्या काळात पगार नावाला वाढले, त्यामुळे तेवढीच गरीब असलेली घरं रेघेच्या वर गेली. रक्कम हळूहळू खाली करत आणणारी पायरी ठेवली असती तर हा कडा राहिला नसता.

आणखी एक अडचण वर्षाची. दाखला मागच्या वर्षाच्या उत्पन्नावर निघतो, आणि चूल या वर्षी पेटवायची असते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या ट्रकवाल्यांच्या घरांत नेमकं हेच झालं. कागदावर मागच्या हंगामाची कमाई, दारात उभा ट्रक, आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता. काम सुटलं असेल तर सुटल्याचं पत्र, ट्रक विकला असेल तर विक्रीचा कागद उत्पन्नाच्या अर्जासोबतच द्यावा.

सासूबाईंचा प्रश्न याच दिवशी निघतो. साठ वर्षांवरच्यांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, ज्येष्ठांना महिन्याला २,०००. तिथं उत्पन्न मोजायची पट्टी वेगळी: माणशी उत्पन्न मदतीच्या रकमेपेक्षा कमी हवं, म्हणजे वर्षाला २४,००० च्या आत. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि म्हातारी, अशा पाच जणांत मुलाची कमाई धरली गेली तर पूर्ण घराची मर्यादा वर्षाला १,२०,०००, महिन्याला दहा हजार. एकाच छपराखाली सून ३ लाखांच्या पट्टीनं पात्र आणि सासू या पट्टीनं अपात्र. मग रेशन कार्ड वेगळं काढतात, कागदावर म्हातारीची चूल वेगळी होते. मोफत धान्य अंत्योदयाला कार्डामागं ३५ किलो आणि प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो मिळतं; प्राधान्य कार्डाचे तुकडे केल्यानं धान्य कमी होत नाही, म्हणून कुणाचं बिघडत नाही असं वाटतं. पण वेगळं कार्ड लगेच प्राधान्यात बसेल याची खात्री नसते. राज्याचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. आधी ते विचारून घ्यावं, मग कार्ड फोडावं.

बँकेचं थोडक्यात. खातं बाईच्या एकटीच्या नावाचं, चालू, आधार जोडलेलं. जुनं पासबुक असेल तर आयएफएससी कोड बघायचा. २०२० मध्ये कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत आणि सिंडिकेट बँक कॅनरात गेली, तेव्हापासून जुने कोड बदलले, पण घरोघरी पासबुकं तीच आहेत. हप्ता अमुक तारखेला पडेलच असं धरून दुकानदाराला शब्द देऊ नये. उत्पन्न वाढलं किंवा नवऱ्याला सरकारी नोकरी लागली तर आपणहून लेखी कळवावं. अपात्र असताना घेतलेले पैसे परत मागतात, आणि तोवर ते खर्च झालेले असतात.

मंजुरी आली तरी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. जिथं बोटाचा ठसा मागतात तिथं काजू कारखान्यात कवच फोडणाऱ्या बायकांची अडचण होते. कवचातल्या तेलानं बोटांची कातडी जळून जाते, रेषा पुसट होतात, आणि यंत्र ठसा घेत नाही. रेशन दुकानात कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा अंगठा चालतो. हयातीसाठी तिचाच हवा. तिला आधीच सांगून ठेवायचं: चार दिवस कारखान्यात जायचं नाही, म्हणजे चार दिवसांची मजुरी गेली; रात्री हाताला खोबरेल, सकाळी साबणानं धुऊन कोरडं करून यायचं, आणि अंगठा लागला नाही तर एकेक करून दहाही बोटं लावून बघायची. करंगळीवर कवच पकडत नाहीत, म्हणून बहुधा तीच लागते. तीही नाही लागली तर डोळ्याचं यंत्र कुठल्या केंद्रावर आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचारावं आणि तिथंच जावं.